पदव्युत्तर विज्ञान : ज्ञान की पुरावा?
आपल्याकडे 'नीट'च्या गुणवत्ताक्रमात एम.एस्सी.ला स्थान नाही. अमेरिकेत मात्र ती वैद्यकीय प्रवेशाचे साधन ठरते. जॉर्जटाउन विद्यापीठाचा शरीरक्रियाविज्ञानातील एक वर्षाचा 'स्पेशल मास्टर्स प्रोग्रॅम' पदवीला गुण कमी पडलेल्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांबरोबर शिकवून त्यांची क्षमता पारखतो. परंतु 'ॲमकास' ही केंद्रीय अर्जसेवा पदव्युत्तर गुणांची सरासरी स्वतंत्रपणे नोंदवते. पदवीची सरासरी जशीच्या तशी राहते. म्हणजे विद्यार्थी जुने गुण सुधारत नाही, भरमसाट शुल्क मोजून नवा पुरावा मिळवतो. तेथेही गुण घसरले, तर तोच पुरावा त्याच्यावर उलटतो. पदव्युत्तर पदवीचे हे निव्वळ साधनरूप प्रस्तुत लेखकास समर्थनीय वाटत नाही, कारण प्रवेश हुकल्यास हाती उरणाऱ्या या पदवीमागे संशोधन-प्रबंधही नसतो.