रिकामं म्हणजे बेवारस नव्हे

आज एका छोट्या साधनाची समीक्षा करू. नासा आणि रॅकस्पेस यांनी २०१० मध्ये ओपनस्टॅक हे क्लाउड सॉफ्टवेअर सुरू केलं. त्यातलं नेटवर्क न्यूट्रॉन सांभाळतं. तो लिनक्सच्या एकाच मशीनवर प्रत्येक राउटरसाठी वेगळं नेमस्पेस उघडतो. नेमस्पेस म्हणजे स्वतःचे इंटरफेस, स्वतःचे रूट असलेली बंद खोली. राउटर काढला की खोली मोडायची, हे एजंटचं काम. पण एजंट मध्येच बंद पडला, तर खोली तशीच उरते. अशा खोल्या आवरायला ‘नेटएनएस-क्लीनअप’ हे साधन आहे.

ते काय करतं? खोलीत लूपबॅकखेरीज काही नाही ना, एवढंच बघतं. रिकामी दिसली तर दोन सेकंद थांबतं, पुन्हा बघतं आणि काढून टाकतं. सावधपणा आहे, मान्य. पण माझा आक्षेप प्रश्नावरच आहे. ते ‘रिकामं आहे का?’ विचारतं, विचारायला हवं, ‘हे कुणाचं आहे?’

आता इथलंच बघा. पावसाळ्यात नेरळहून अमन लॉजपर्यंत गाडी येत नाही. जुम्मापट्टी स्टेशन ओस पडतं. म्हणून कुणी रूळ उखडतं का? वेळापत्रक रेल्वेकडे असतं, विचारायचं तिथे.

गंमत पुढे आहे. खरा त्रास रिकाम्या खोलीचा नसतोच. जिच्यात जुना इंटरफेस जिवंत आहे, ती जुन्या पत्त्यावर उत्तरं देत राहते, आणि तोच पत्ता नव्या राउटरकडे असला की ग्राहकाचं नेटवर्क कधी चालतं, कधी अडतं. ती खोली हे साधन सोडून देतं! तिच्यासाठी ‘फोर्स’ वापरावा, तर चालू खोल्याही उद्ध्वस्त होतात.

कुणी म्हणेल, सर्व्हर बंद असतानाही हे साधन चालतं, हाच त्याचा गुण. खरं आहे. मशीन कामातून काढून पूर्ण रिकामं करायचं असेल, तेव्हा ते उत्तमच. पण रोजची झाडलोट? ती एजंटनेच करावी. राउटरचा एल-थ्री एजंट सुरू होताना सर्व्हरकडून यादी घेतो आणि यादीत नसलेल्या राउटरची खोली मोडतो. पद्धत बरोबर आहे ती ही.

तेव्हा क्रॉनमध्ये ‘फोर्स’ टाकून निर्धास्त झोपू नका. झाडू मारायच्या आधी नोंदवही उघडा.