‘सार्थक’ म्हणजे किती?

ऑक्टोबर २०१३मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात एक शोधनिबंध आला आणि आपण साहित्यवाले हरखून गेलो. न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमधील डेव्हिड किड आणि इमान्युएले कास्तानो यांनी त्यात पाच प्रयोग मांडले होते. काहींना साहित्यिक कथा वाचायला द्यायची, काहींना माहितीपर लेख किंवा लोकप्रिय कादंबरीतला उतारा, काहींना काहीच नाही. मग दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची परीक्षा घ्यायची. साहित्यिक कथा वाचलेल्यांना सरासरीने जास्त गुण मिळाले आणि तो फरक ‘सांख्यिकीयदृष्ट्या सार्थक’ ठरला. एका ग्रंथालयाच्या कार्यक्रमात, निबंध न वाचताच, मीही तो ठासून सांगितला होता. टाळ्या चांगल्या पडल्या.

तो निबंध मी उशिरा वाचला, आणि अडलो ते शीर्षकापाशीच. साहित्यिक कथा वाचल्याने दुसऱ्याच्या मनाचे आकलन सुधारते, असा त्याचा आशय. कवितेतल्या एका क्रियापदावर पानेच्या पाने लिहिणारे आपण. या ‘सुधारते’कडे मात्र कुणी पाहिले नाही. सूर्य पूर्वेला उगवतो, त्यातला हा वर्तमानकाळ. प्रत्यक्षात घडले होते ते सगळे भूतकाळातले. पहिल्या प्रयोगात ८६ माणसे होती, अॅमेझॉनच्या एका संकेतस्थळावर किरकोळ मोबदला घेऊन कामे करणारी. त्यांना ३६ छायाचित्रे दाखवली. प्रत्येकात फक्त डोळे, आणि खाली चार शब्द. नेमका भाव निवडायचा. (ही परीक्षा शब्दसंग्रहाचीही आहे, हे अनेक भाषांत वावरणाऱ्या वाचकाला सांगायला नकोच.) दोन गटांच्या सरासरीत ३६ पैकी दोन-अडीच गुणांचा फरक पडला.

या भूतकाळातून त्या वर्तमानकाळात उडी मारायचा परवाना सार्थकतेच्या चाचणीने दिला, असा आपला समज. चाचणी काय विचारते ते पाहू. समजा, कथा वाचल्याने काहीही फरक पडत नाही. तरीही कोण कोणत्या गटात पडला या निव्वळ नशिबाने दोन सरासऱ्यांत थोडे अंतर पडणारच. मग जेवढे अंतर दिसले तेवढे किंवा त्याहून जास्त अंतर केवळ नशिबाने पडण्याची शक्यता किती? ती शंभरात पाचांहून कमी निघाली की फरक ‘सार्थक’. ही पाचाची रेघ निसर्गाने आखलेली नाही. रोनाल्ड फिशरने १९२५च्या आपल्या पुस्तकात ती सोयीची म्हणून सुचवली आणि पुढच्यांनी तिची वेस केली.

म्हणजे सगळे उत्तर ‘समजा’च्या पोटात आहे. कथेने फरक पडतो याची शक्यता ९५ टक्के, असे ते म्हणत नाही. फरक मोठा आहे, असेही म्हणत नाही. पण मराठीत आपण त्यासाठी शब्द घेतला तो ‘सार्थक’. जन्माचे सार्थक होते, कष्टांचे सार्थक होते. या शब्दाला धन्यतेचा वास आहे. ‘लक्षणीय’ घेतला तरी डोळ्यांत भरण्याइतके काही असल्याचा भास होतो. इंग्रजीतल्या मूळ शब्दानेही हाच घोळ घातला आहे, त्यामुळे दोष एकट्या मराठीचा नव्हे.

शिवाय ही रेघ चाळणीसारखी चालते, आणि उलटी. माणसे थोडी असली की लहान फरक तिच्यातून गळून जातात. वर उरतात ते योगायोगाने फुगलेले. छापून येतात तेच. त्यामुळे प्रयोग पुन्हा केला की परिणाम बहुधा आक्रसतो.

मला जास्त बोचते ते वेगळेच. नशिबाचा हिशेब माणसांपुरता केला, कथांचा केलाच नाही. त्या पहिल्या प्रयोगात साहित्याच्या बाजूने उभे होते चेकॉव्ह, डॉन डिलीलो आणि लिडिया डेव्हिस, एकेका कथेनिशी. समोर माहितीपर लेख. त्यांतला एक बटाट्याने जग कसे बदलले यावरचा. या तीन कथांवरून ‘साहित्यिक कथा’ या अख्ख्या प्रांताबद्दल बोलायचे, तर कथांची निवडही नशिबात धरावी लागते. हर्बर्ट क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने १९७३मध्येच भाषेवरच्या प्रयोगांतली ही चूक दाखवून दिली होती. खरे तर हा आक्षेप समीक्षकांनी घ्यायचा. ‘तीन कथा म्हणजे साहित्य?’ असे एरवी आपण कुणालाही खडसावले असते. इथे निकाल आपल्या बाजूचा होता, म्हणून गप्प बसलो.

पुढे २०१६मध्ये तीन संशोधक-गटांनी मिळून ७९२ जणांवर पडताळा घेतला. तसा फरक दिसला नाही. २०१८मध्ये ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मधले २१ प्रयोग कितीतरी मोठे गट घेऊन पुन्हा केले गेले, १३ टिकले, परिणाम सरासरीने मूळच्या निम्म्यावर आला. न टिकलेल्या आठांत हाही होता. किड आणि कास्तानो यांनी पडताळ्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. तो वाद तसा रास्तच.

आता ‘वाचनाने काही होत नाही, हे सिद्ध झाले’ असे म्हणणारे भेटतात. तेही तसेच चुकतात. मोठ्या गटात फरक सापडला नाही याचा अर्थ एवढाच, की एका बैठकीच्या वाचनाने या परीक्षेत काही भर पडत असलीच, तर ती बहुधा फार थोडी. त्याच ७९२ जणांत आणखी एक गोष्ट दिसली: ज्यांना लेखकांची नावे जास्त ओळखता आली, म्हणजे ज्यांचे आजवरचे वाचन जास्त असावे, त्यांना डोळ्यांच्या परीक्षेतही जास्त गुण होते. आता वाचून माणसे अशी होतात की अशी माणसेच वाचनाकडे वळतात, हे त्यातून कळत नाही. पुढच्या व्याख्यानात हे सांगितले, तर टाळ्या पडतील असे वाटत नाही.