संमती आणि निर्णय : दातार खटल्याची एक चिकित्सा

एका दांपत्याने आपले डॉक्टर निखिल दातार यांच्यासह २००८ साली मुंबई उच्च न्यायालयात जी याचिका केली, तिची चर्चा त्या वेळी बहुधा करुणेच्या अंगाने झाली. तिच्यातील तात्त्विक प्रश्न उपेक्षितच राहिला. गर्भाच्या हृदयात जन्मजात दोष आढळला, तेव्हा १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याची वीस आठवड्यांची मर्यादा उलटली होती. ४ ऑगस्ट रोजी न्यायालयाने परवानगी नाकारली. पुढे थोड्याच दिवसांत तो गर्भ आपोआप पडला.

या कायद्यात स्त्रीची संमती आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. निर्णायक ठरते ते डॉक्टरचे सद्भावपूर्वक बनलेले मत. म्हणजे स्त्री नकार देऊ शकते, निर्णय देऊ शकत नाही. आपल्या नैयायिकांनी आप्ताचे वचन प्रमाण मानले, ते त्या विषयाचे यथार्थ ज्ञान त्याला असते म्हणून. हृदयाचे ठोके कसे पडतील, याविषयी हृदयरोगतज्ज्ञ आप्त खराच. परंतु ते मूल वाढविण्याचा भार कोणास पेलेल, याविषयी तो आप्त कसा? शिवाय पहिल्या विषयातही प्रामाण्य निःशंक नव्हते. जे. जे. रुग्णालयाच्या समितीच्या अहवालात अपंगत्वाची शक्यता सांगणारा शब्द मागाहून दुरुस्त करावा लागला. एका विशेषणावर केवढा भार!

न्यायालयास दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. कायदा बदलणे हे संसदेचे काम, हे त्याचे म्हणणे बिनतोड आहे. अपंगत्व हे गर्भपाताचे कारण मानण्यास अपंगांच्या चळवळीतून घेतला जाणारा आक्षेपही आम्हांस वजनदार वाटतो. पण तो आक्षेप निर्णय योग्य की अयोग्य, याविषयी आहे. निर्णय कोणाचा, याविषयी नव्हे. या दोन प्रश्नांची गल्लत उभय पक्षांनी सारखीच केली.

२०२१ च्या दुरुस्तीने गर्भात गंभीर व्यंग असल्यास आठवड्यांची मर्यादा काढली, पण निदानाचा अधिकार वैद्यकीय मंडळाकडे दिला. मर्यादा गेली, प्रामाण्य राहिले. किंबहुना एक-दोन डॉक्टरांचे ते मंडळाचे झाले. स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, क्ष-किरण अथवा सोनोग्राफीतज्ज्ञ आणि शासन नेमील ते अन्य सदस्य, अशी त्या मंडळाची रचना पोटकलमात सांगितली आहे. गर्भवतीचा उल्लेख त्या पोटकलमात नाही.