'कसेल त्याची जमीन' : पदवीवर्गातील तर्कशास्त्राच्या मराठीविषयी काही विचार

१

मंद्रूप येथे पदवीच्या विद्यार्थ्यांशी वाक्यरचनेविषयी बोलण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकास आला होता. उद्देश्य आणि विधेय यांचा विषय निघाला, तेव्हा तर्कशास्त्र हा विषय घेतलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, 'कसेल त्याची जमीन' या वाक्यात उद्देश्य कोणते?" वर्गात थोडे हसू उमटले. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याने पाठ केलेल्या चार विधानप्रकारांपैकी एकातही हे वाक्य बसत नव्हते. आणि ज्या घरातून तो आला होता, त्या घरात मात्र हे वाक्य दोन पिढ्या ठाऊक होते. १९४८ च्या कूळकायद्यात पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ पासून कुळे कायद्याने जमिनीची खरेदीदार मानली गेली, त्या घडामोडीमागची मागणी या तीन शब्दांत सामावलेली आहे. ज्या वाक्याने माणसांचे भवितव्य बदलले, त्याचा आकार सांगता न येणारे तर्कशास्त्र आपण शिकवितो की काय, अशी शंका त्या दिवशी मनात आली. त्या शंकेचा विचार करणे हा या लेखाचा हेतू होय.

२

मराठीतून तत्त्वज्ञान शिकविण्याच्या प्रयत्नांना मोठी परंपरा आहे. भाषा संचालनालयाने (स्थापना १९६०) सिद्ध केलेला तत्त्वज्ञान व तर्कशास्त्र यांचा परिभाषा कोश, दे. द. वाडेकर यांनी संपादिलेला मराठी तत्त्वज्ञान-महाकोश (१९७४), आणि मे. पुं. रेगे, दि. य. देशपांडे यांच्यासारख्या विचारवंतांचे लेखन यांनी या विषयाला मराठीत पाय रोवण्यास जागा करून दिली. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ व २००४ मध्ये सोलापूर विद्यापीठ स्थापन झाल्यावर उच्च शिक्षण या भागातील खेड्यांच्या अधिक जवळ आले. घरी कन्नड व शाळेत मराठी बोलणारा, दक्षिण सोलापूर तालुक्यातला विद्यार्थी आज तर्कशास्त्राच्या वर्गात बसू शकतो, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु या सर्व काळात माध्यमाचा प्रश्न हा प्रामुख्याने शब्दांचा प्रश्न म्हणून हाताळला गेला. अमुक संज्ञेला मराठीत काय म्हणावयाचे, यावर पुष्कळ विचार झाला. या पर्यायांवर टीकाही करता येईल. 'तर्क' हा शब्द बोलीत अंदाज या अर्थाने येतो, म्हणून 'तर्क लढविणे' आणि 'तर्कशास्त्र' यांची विद्यार्थ्याच्या मनात गल्लत होते. न्यायदर्शनात 'निगमन' म्हणजे पंचावयवी वाक्यातील शेवटचा अवयव, तर आधुनिक पुस्तकांत 'निगामी' हे एका अनुमानप्रकाराचे विशेषण. दोन आधारविधानांवरून निष्कर्ष काढणाऱ्या युक्तिवादाला 'संविधान' म्हटले, तर विद्यार्थ्यास राज्यघटना आठवते. तथापि हे दोष गौण आहेत. संज्ञा कोणतीही असो, चांगला शिक्षक दोन तासांत तिचा अर्थ पक्का करून देतो.

खरा दोष निराळा आहे. परिभाषा मराठी झाली. वाक्य मराठी झाले नाही. 'सर्व अ हे ब आहेत', 'कोणताही अ हा ब नाही', 'काही अ हे ब आहेत', 'काही अ हे ब नाहीत' ही आदर्श विधानांची चौकट इंग्रजी क्रमिक पुस्तकांतील वाक्यांचे शब्दशः रूपांतर आहे. इंग्रजीची एक वाक्यघडण तर्काचा सार्वत्रिक साचा म्हणून मराठीत आली, आणि मराठीने स्वतः तयार केलेले साचे वर्गाबाहेर राहिले.

येथे एक ऐतिहासिक गोष्ट लक्षात ठेवणे हितावह आहे. ही चौकट अ‍ॅरिस्टॉटलचीही नव्हे. त्याची नेहमीची मांडणी 'ब हे प्रत्येक अ ला लागू आहे' अशा धर्तीची आहे, याकडे वुकासिएविच या पोलिश तर्कशास्त्रज्ञाने १९५१ च्या आपल्या ग्रंथात लक्ष वेधले. उद्देश्य, संयोजक व विधेय अशी सरळ रांग हा पुढच्या लॅटिन परंपरेने रूढ केलेला साचा होय. ग्रीकने आपल्या घडणीचा आकार घेतला, लॅटिनने आपल्या. मराठीनेच उसन्या आकारावर का थांबावे?

३

मराठीत व्यापक विधान करण्याचा स्वाभाविक मार्ग कोणता? 'जो पेरील तो खाईल', 'बळी तो कान पिळी', 'जेथे धूर तेथे अग्नी' ही वाक्ये पाहावीत. त्यांत 'सर्व' हा शब्द नाही. जो-तो, जेथे-तेथे अशी संबंधी सर्वनामांची जोडी आहे, आणि पुष्कळदा तिच्यातला 'जो' गाळलेला आहे. ही रचना जुनी आहे. मंद्रूप ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात भीमा व सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे शके ९४० (इ. स. १०१८) चा शिलालेख आहे. मराठीच्या आद्य लेखांत त्याची गणना होते. त्यातील मराठी वाक्याचा आशय, हा लेख वाचील तो विजयी होईल, असा आहे. म्हणजे या परिसरातील मराठीचा उपलब्ध असलेला एक अत्यंत जुना नमुना हेच एक व्यापक विधान आहे, आणि ते जो-तो या घडणीचे आहे.

न्यायशास्त्रातील व्याप्तीही याच घडणीने सांगितली जाते: जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी. आणि ज्याला आपण आधुनिक तर्कशास्त्र म्हणतो, त्याचा आरंभ १८७९ मध्ये फ्रेगेने केला, तो व्यापक विधानाची अशीच फोड करून: कोणतीही वस्तू घ्या, ती जर अ असेल तर ती ब आहे. इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यास 'सर्व अ हे ब आहेत' या वाक्याच्या पोटात 'जर-तर' दडलेले आहे हे पटविण्यासाठी शिक्षकास श्रम घ्यावे लागतात. मराठी विद्यार्थ्याच्या वाक्यात ते उघड्यावरच असते. आपण त्याला आधी 'सर्व'कडे नेतो आणि पुढच्या वर्षी तेथून परत 'जर-तर'कडे आणतो. हा वळसा अनाठायी आहे.

याचा अर्थ मराठी ही इंग्रजीहून अधिक तर्कशुद्ध भाषा आहे असा मुळीच नव्हे. जो-तो ही रचना संदिग्धही आहे. 'जो मुलगा काल आला तो माझा भाचा' हे व्यापक विधान नसून एका विशिष्ट व्यक्तीविषयीचे विधान आहे. हिंदीतील अशाच रचनांचा हा दुहेरी अर्थ विनीता श्रीवास्तव (पुढे दयाल) यांनी १९९१ पासूनच्या आपल्या लेखनात चर्चिला आहे. क्रियापदाचा काळ आणि संदर्भ यांवरून कोणता अर्थ घ्यावयाचा ते ठरते. शेजारच्या कन्नडात प्रश्नार्थक सर्वनामास 'ओ' हा प्रत्यय साहाय्य करतो: 'यारु ओदुत्तारो अवरु गेल्लुत्तारे', म्हणजे जे वाचतात ते जिंकतात. मंद्रूपच्या विद्यार्थ्याजवळ या दोन्ही रचना असतात. दोहोंची तुलना करून आकार आणि शब्द यांतला भेद त्यास जितका सहज दाखविता येईल, तितका एकभाषिक विद्यार्थ्यास दाखविता येणार नाही.

४

उसन्या साच्यामुळे केवळ ओघ जातो असे नाही. चुकीचे तर्कही घडतात. त्याची चार स्थळे येथे नोंदवितो.

पहिले स्थळ 'आहे' आणि 'असतो' यांचे. 'सर्व कावळे काळे आहेत' हे वाक्य मराठी कानाला समोर बसलेल्या कावळ्यांविषयीचे वाटते. नियम सांगावयाचा झाल्यास आपण 'कावळे काळे असतात' असे म्हणतो. इंग्रजीचा संयोजक हा भेद दाखवीत नाही. व्यापक विधान उद्देश्यवस्तूंचे अस्तित्व गृहीत धरते की नाही, या तर्कशास्त्रातील प्रसिद्ध वादाकडे जाण्याची वाट येथूनच सुरू होऊ शकते: 'वर्गातील सर्व विद्यार्थी हजर आहेत' यात विद्यार्थी असणे गृहीत आहे, 'विनापरवाना येणारा दंडास पात्र असतो' यात तसा कोणी येणे गृहीत नाही. परंतु आदर्श चौकटीत 'असतो'ला जागाच नसल्यामुळे हा वाद विद्यार्थी पाठ करतो, त्याचा अनुभव घेत नाही.

दुसरे स्थळ निषेधाचे. 'आज सर्व दुकाने उघडी नाहीत' या वाक्यावरून एकही दुकान उघडे नाही असे समजावयाचे, की काही बंद आहेत एवढेच? मराठीत दोन्ही अर्थ संभवतात. 'चकाकते ते सर्व सोने नसते' यात मात्र दुसराच अर्थ निश्चित आहे. पुस्तक 'कोणताही अ हा ब नाही' हा निःसंदिग्ध आकार देऊन मोकळे होते; पण संदिग्ध वाक्यावरून त्या आकाराकडे कसे यावयाचे, हे कौशल्य शिकविल्याशिवाय त्या आकाराचा उपयोग नाही.

तिसरे स्थळ 'च' या अव्ययाचे. 'विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात पदवीधरच मतदार असतात.' या वाक्यावरून पुष्कळ विद्यार्थी 'सर्व पदवीधर मतदार असतात' असा निष्कर्ष काढतात. वस्तुतः निघतो तो उलट: सर्व मतदार पदवीधर असतात. नाव न नोंदविलेला पदवीधर मतदार नसतो, हे व्यवहारात प्रत्येकास ठाऊक आहे. परंतु हाच 'च' 'सगळेच आले' या वाक्यात व्यावर्तक नसून केवळ जोर देणारा आहे. 'केवळ' आणि 'फक्त' यांची उदाहरणे देऊन 'च' वगळणे म्हणजे रोजच्या मराठीतील व्यावर्तक विधानांचे प्रमुख साधनच वगळणे होय.

चौथे स्थळ सर्वांत महत्त्वाचे आहे. 'परतीचा पाऊस झाला तर ज्वारी साधते' या विधानाचे निषेधव्यत्यस्त रूप यांत्रिक रीतीने लिहिले तर 'ज्वारी साधली नाही तर परतीचा पाऊस होत नाही' असे वाक्य तयार होते. मंद्रूपचा विद्यार्थी ते खोटे ठरवितो, आणि ते योग्यच आहे. कारण त्या वाक्यात ज्वारी हे पावसाचे कारण झाले आहे. शुद्ध रूप असे: 'ज्वारी साधली नसेल, तर परतीचा पाऊस झालेला नसणार.' 'नसेल' आणि 'नसणार' ही क्रियापदे सांगतात की, येथे घडण्याचा क्रम नसून जाणण्याचा क्रम आहे. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी कारक हेतू आणि ज्ञापक हेतू असा जो भेद केला, तोच येथे मराठी क्रियापदाने राखला आहे. धूर अग्नीचे कारण नव्हे. अग्नीचे ज्ञान करून देणारा आहे. विद्यार्थ्याने नियम नाकारला नव्हता. त्याने वाईट मराठी नाकारली होती. आणि आपण त्याचे गुण कापले.

५

यावर एक आक्षेप संभवतो. तर्कशास्त्र हे भाषानिरपेक्ष आहे; चिन्हांकित तर्कशास्त्रात तर कोणतीच भाषा उरत नाही; मग वाक्यरचनेची एवढी चिंता कशासाठी? आक्षेपातील पहिला भाग मान्य करावयास हवा. चिन्हांना मातृभाषा नसते. परंतु वाक्याचे चिन्हांत रूपांतर करणाऱ्यास ती असते. परीक्षेत प्रश्न वाक्यानेच विचारला जातो आणि जीवनात युक्तिवाद वाक्यांतूनच समोर येतो. चिन्हांपलीकडचे सर्व नियम बिनचूक येऊनही, वर्तमानपत्रातील एका परिच्छेदात निष्कर्ष कोणता व आधार कोणते हे ज्याला सांगता येत नाही, त्याने तर्कशास्त्र शिकले असे म्हणणे कठीण आहे.

दुसरा आक्षेप असा की, बोलीतील सर्व रचना वर्गात आणल्यास साचेबंद शिस्त नष्ट होईल. शिस्त हवीच. पण ती प्रवासाच्या शेवटी येते. प्रत्येक विधानप्रकारासाठी आधी मराठीतील चार-पाच स्वाभाविक रचना द्याव्यात, त्यांतील संदिग्धता दाखवावी, आणि मग एक आदर्श रूप ठरवावे. त्यासाठी तर्कशास्त्राच्या आणि भाषाशास्त्राच्या अध्यापकांनी एकत्र बसून नवे पाठ्यसाहित्य तयार करणे आवश्यक आहे. हे काम परिभाषा कोशाहून कमी दिमाखाचे, पण अधिक निकडीचे आहे. तत्त्वज्ञान निवडणारे विद्यार्थी आधीच थोडे असतात. जे येतात, त्यांना हा विषय आपल्याच बोलण्याविषयी आहे हे पहिल्या महिन्यात उमगले नाही, तर ते तो पाठांतराचा समजून सोडून देतात.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळू. 'कसेल त्याची जमीन' यातील उद्देश्य कोणते? व्याकरणाच्या दृष्टीने 'जमीन'. तर्काच्या दृष्टीने या वाक्यास एक उद्देश्य नाही. त्याची फोड अशी: कोणीही माणूस घ्या आणि कोणतीही जमीन घ्या, तो माणूस ती जमीन कसत असेल, तर ती त्याची. येथे दोन वस्तूंमधील संबंध आहे, आणि संबंधांचे तर्कशास्त्र पारंपरिक चौकटीत मावत नाही. घोडा हा प्राणी आहे, म्हणून घोड्याचे डोके हे प्राण्याचे डोके आहे, एवढे साधे अनुमानही त्या चौकटीत सिद्ध करता येत नाही, ही अडचण एकोणिसाव्या शतकात डी मॉर्गनच्या नावाशी निगडित झाली. शिवाय वाक्यात क्रियापद एकच आहे, आणि ते कसण्याचे आहे. मालकी 'आहे' की 'असावी' हे वाक्य सांगत नाही. १९५७ पूर्वी ती मागणी होती. नंतर, कायद्याच्या मर्यादेत, ते विधान झाले. विधान आणि विधी यांतील भेद नीतिशास्त्राच्या पहिल्या पाठात यावयाचा असतो, तो येथे आधीच उभा आहे.

त्या विद्यार्थ्यास हे सर्व त्या दिवशी सांगता आले नाही. 'जमीन' एवढेच उत्तर दिले आणि विषय पुढे नेला. त्याचा चेहरा समाधानी दिसला नाही. तो असमाधानी राहिला, याचा अर्थ त्याची तर्कबुद्धी जागी होती. तिला साजेसे उत्तर देण्याची जबाबदारी आपणा अध्यापकांची आहे.