खोती आणि कादंबरी

श्री. ना. पेंडसे यांना ‘प्रादेशिक’ म्हणून मोकळे होण्याची आपल्या टीकेची सवय मला पटत नाही. ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) ही चार पिढ्यांची, दोन खंडांतील कथा मी पहूरला, वाघूरकाठी वाचली. आमचा खानदेश रयतवारीचा. येथे शेतकरी सारा थेट सरकारात भरी. कूळ आणि सरकार यांच्यामध्ये बसून वसुली करणारा, आणि त्या हक्कालाच घराण्याची अब्रू मानणारा खोत आम्हांला अनोळखी. म्हणूनच की काय, या कादंबरीचा खरा विषय मालकी आहे, हे मला चटकन जाणवले. माड-पोफळी, बोली ही तिची वस्त्रे होत. जगबुडीच्या पाण्यावरून दाभोळच्या खाडीकडे आणि पुढे मुंबईकडे वाट जाते. पण हक्काने बांधलेल्या मनाला ती दूरच राहते. १९४९ च्या कायद्याने खोती काढून घेतली. त्या हक्कावर पोसलेल्या मनाचे पुढे काय होते, हे मात्र कायद्याच्या कलमांत सापडत नाही. ते येथे सापडते. उणीव एकच : कुळाच्या पडवीतून तुंबाड कसे दिसते, हे पेंडसे फारसे दाखवीत नाहीत. तरीही जमिनीशी ज्याचा ज्याचा संबंध आहे, अशा प्रत्येक मराठी वाचकाची ही कादंबरी आहे; केवळ कोकणची नव्हे.