मुद्रिका कोणाची?

कालिदासाच्या 'शाकुंतला'वर आजवर इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यांत आणखी भर घालूं पाहणारानें आधीं वाचकांची क्षमा मागावी हें उचित. १७८९ सालीं सर विल्यम जोन्स यांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें तेव्हांपासून पाश्चात्य रसिकांनीं, आणि १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं तें संगीत रूपानें पुण्यास रंगभूमीवर आणलें तेव्हांपासून आपल्याकडील आबालवृद्धांनीं, या नाटकाचें कौतुक केलें आहे. परंतु या कौतुकांत सहाव्या अंकाच्या आरंभींचा एक लहानसा प्रवेश बहुधा मागें पडतो. चौथ्या व पांचव्या अंकांनीं जड झालेलें प्रेक्षकांचें मन हलकें करण्यासाठीं कवीनें योजिलेला विनोद, एवढेंच म्हणून त्याची बोळवण होते. आमच्या मतें या प्रवेशांत एक गंभीर प्रश्न दडलेला आहे : सांपडलेली मौल्यवान वस्तू परत करावयाची ती कोणाला?

प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. शक्रावतार येथील एका कोळ्यास रोहित माशाच्या पोटांत राजाच्या नांवाची रत्नजडित मुद्रिका सांपडते. ती विकण्यासाठीं तो बाजारांत दाखवीत असतां राजाचे शिपाई त्यास पकडतात. हात पाठीशीं बांधलेल्या त्या गरिबाला ते मारतात, त्याच्या धंद्याची टवाळी करतात, आणि त्याच्या वधाची माळ गुंफण्यास त्यांचे हात शिवशिवूं लागतात. नगररक्षक राजशालक मुद्रिका घेऊन राजाकडे जातो व परत येतो तो मुद्रिकेच्या किंमतीइतकें पारितोषिक घेऊनच. कोळी त्यांतील अर्धें शिपायांना फुलांच्या मोलादाखल देऊन टाकतो, आणि जो घटकेपूर्वीं चोर होता तोच आतां राजशालकाचा जिवलग मित्र ठरून सर्व मंडळी मद्यगृहाची वाट धरतात.

येथें पहिला विचार मनांत येतो तो कोळ्याविषयीं. त्यानें चोरी केली नाहीं हें खरें. पण त्यानें मुद्रिका परत केली असेंही म्हणतां येत नाहीं. तो ती विकावयास निघाला होता. मेकॉलेच्या मसुद्यावर उभारलेल्या १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत ४०३ व्या कलमाखालीं जीं उदाहरणें दिलीं आहेत, त्यांत नेमकें हेंच एक आहे : एखाद्यास मौल्यवान अंगठी सांपडते, ती कोणाची हें त्यास ठाऊक नाहीं, आणि मालकाचा शोध करण्याचा यत्न न करितां तो ती लागलीच विकतो, तो अपराधी होय. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली असली, तरी हें तत्त्व तिच्या ३१४ व्या कलमांत कायम आहे. १८७२ चा करारांचा कायदा तर याहून पुढें जाऊन सांगतो कीं, सांपडलेली वस्तू ज्यानें आपल्या ताब्यांत घेतली त्याच्यावर ठेव सांभाळणाराइतकीच जबाबदारी येते. ज्यानें ठेव ठेवली तो माणूस समोर नाहीं. तरी ठेव ती ठेवच.

या कसोटीला आमचा कोळी फारसा उतरत नाहीं. परंतु त्यास दोष देतांना आमची लेखणी अडखळते. अक्षरें वाचण्याचा ज्यास संबंध नाहीं, त्याला मुद्रिकेवरील नांव काय सांगणार? आणि प्रामाणिकपणें तो ती घेऊन राजद्वारीं गेला असता, तर त्याच शिपायांनीं त्याच्याशीं याहून बरें वर्तन केलें असतें काय? आम्ही गरिबाकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा करतों, पण तो प्रामाणिकपणा घेऊन येणारास उभें राहण्यापुरती जागा मात्र ठेवीत नाहीं.

आतां मालकाकडे वळूं. आपल्या जुन्या धर्मशास्त्रानें मालकालाही मोकळें सोडलेलें नाहीं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत असा निर्बंध आहे कीं, धनी ठाऊक नसलेलें द्रव्य राजानें तीन वर्षें राखावें. जो 'हें माझें' म्हणून पुढें येईल त्यानें वस्तूचें रूप, संख्या, हरवल्याचें स्थळ व काळ हीं बरोबर सांगावीं. सांगतां न आल्यास त्या वस्तूच्या मोलाइतका दंड भरावा. म्हणजे वस्तू ओळखणें हें मालकीचें पहिलें लक्षण होय. या निर्बंधाचा उजेड पांचव्या अंकावर पाडून पाहावा. चौथ्या अंकाच्या शेवटीं कण्व मुनींना वाटतें कीं, परक्याची ठेव ज्याची त्यास पोंचवून आपण मोकळे झालों. ती ठेव राजसभेंत येते, आणि राजा तिला ओळखीत नाहीं! दुर्वासाचा शाप आड आला हें आम्ही विसरत नाहीं. शकुंतला ही वस्तू नव्हे, हेंही कवीनें त्याच अंकांत तिच्या संतप्त वाणीनें स्पष्ट केलें आहे. ठेवीची उपमा मुनींची, तिची स्वतःची नव्हे. तरीही योजना लक्षांत घेण्यासारखी आहे. एका अंकांत परत आणून दिलेलें माणूस धनी नाकारतो, आणि लगेच पुढल्या अंकांत, कोणीही परत करूं न इच्छिलेला दागिना तो तत्काळ ओळखतो.

आणि येथेंच खरा प्रश्न उभा राहतो. ती मुद्रिका राजाची होती काय? तिच्यावर नांव राजाचें होतें, एवढें निश्चित. पण राजानें ती आश्रमांतून निघतांना शकुंतलेच्या बोटांत घातली होती. शचीतीर्थाच्या उदकाला वंदन करितांना ती हरवली तेव्हां ती शकुंतलेची होती. राजशालकानें नांव वाचलें व नांवाच्या धन्याकडे ती पोंचविली. त्याला दुसरें कांहीं सुचणें शक्य नव्हतें. परंतु ज्याला आतां सर्व आठवलें त्या राजाला तरी, ही वस्तू आपली नाहीं, आपण केवळ तिचे राखणदार आहों, हें सुचावयास हवें होतें. तो पश्चात्तापानें पोळतो, वसंतोत्सव बंद करवितो, त्या कोमल बोटांवरून गळलीस कशी म्हणून मुद्रिकेलाच दूषण देतो. पण ती स्वतःच बाळगतो. महाभारतांतील मूळ आख्यानांत ही मुद्रिका नाहीं. मुद्रिकेच्या जोरावर राजाला निर्दोष ठरविण्यासाठीं कवीनें ती आणली, असें पुष्कळ म्हणतात. आम्हांस वाटतें, त्याच मुद्रिकेनें त्यानें राजाची एक बारीकशी झडतीही घेतली आहे.

वाचकांस हें शब्दच्छल वाटूं नये म्हणून घरची एक गोष्ट सांगतों. एका हुशार पण गरीब विद्यार्थ्यास आम्हीं आमचा आपट्यांचा संस्कृत कोश दिला होता. पहिल्या पानावर आमचें नांव व पत्ता जुनाच होता. त्याखालीं त्याचें नांव घालण्याचें आम्हांस सुचलें नव्हतें. पुढें एकदां कोणी अपरिचित गृहस्थ तो कोश घेऊन आमच्या दारीं आले. आगगाडीच्या बाकावर तो त्यांस सांपडला होता. आम्हीं त्यांचे मनःपूर्वक आभार मानले, चहा पाजला, आणि कोश कपाटांत ठेवून दिला. जुना सोबती घरीं परत आला याचा आनंद एवढा होता कीं, तो कोणाचा हें मनांत देखील आलें नाहीं. कांहीं महिन्यांनीं तो विद्यार्थी भेटीस आला. त्याची दृष्टि कपाटाकडे गेली व तो बोलतां बोलतां थांबला. आम्ही ओशाळून कोश काढूं लागलों, तेव्हां तो म्हणाला, "राहूं द्या, सर. आपल्यापाशींच तो नीट राहील." त्या वाक्यांत रोष नव्हता, म्हणूनच तें आम्हांस अधिक लागलें. आम्ही त्यास आग्रह केला, पण त्यानें कोश नेला नाहीं.

त्यानंतर सातवा अंक शिकवितांना आम्हांस त्याचा अर्थ निराळा दिसूं लागला. मारीचाच्या आश्रमांत बाळाच्या मनगटावरील रक्षाकरंडक गळून पडतो व राजा तो उचलतो. तो मातापिता किंवा स्वतः बाळ यांवांचून दुसऱ्यानें उचलल्यास सर्प होऊन दंश करील, असा त्याचा प्रभाव. येथें पडलेली वस्तू स्वतःच आपलें माणूस ओळखते; नांवाच्या अक्षरांची गरज पडत नाहीं. मग शकुंतलेची दृष्टि राजाच्या बोटांतील मुद्रिकेकडे जाते, व राजा ती तिला देऊं करितो. खऱ्या धनिणीकडे वस्तू पोंचण्याचा क्षण अखेर आला. परंतु ती घेत नाहीं. मला तिचा भरंवसा नाहीं, आर्यपुत्रांनींच ती घालावी, असें ती म्हणते.

हें उत्तर नम्र आहे, पण त्यांत राजाला दिलेली पूर्ण क्षमा वाचणें आम्हांस साधत नाहीं. तिनें पति स्वीकारला, मुद्रिका स्वीकारली नाहीं. तिच्यावांचून ज्याला आपली आठवण राहिली नाहीं, त्याच्या खुणेवर ती पुनः विसंबूं इच्छीत नाहीं. वस्तू परत करण्यालाही एक वेळ असते. ती टळली म्हणजे वस्तू परत येते, पण तिच्याबरोबर गेलेला विश्वास येतोच असें नाहीं.

म्हणून आमची विनंती एवढीच कीं, हा प्रवेश पुनः वाचतांना वाचकांनीं कोळ्यावर हंसून पुढें जाऊं नये. सांपडलेल्या वस्तूवर नांव कोणाचें, एवढें पाहून आपलें कर्तव्य संपत नाहीं. ती कोणाच्या हातून हरवली हें विचारावें लागतें. आपट्यांचा तो कोश अजून आमच्या कपाटांत आहे. त्याच्या पहिल्या पानावर आम्हीं आतां दुसरें नांव लिहिलें आहे.