राजीचा महाल आणि लोणारचे विवर

व्हिडिओ गेमला साहित्यविषयक त्रैमासिकात स्थान कशाला, असे काही वाचक विचारतील. मेहकर-लोणारकडील खेड्यांतही मुले आता मोबाईलवरील खेळांत तासन्‌तास रमतात. ज्या कथेत ती एवढी रमतात तिच्यात त्यांच्यासारखे कोण आहे, हे पाहणे समीक्षेचेच काम आहे, असे आम्ही मानतो.

पूर्वीच्या स्थितीचे एक उदाहरण पुरे. १९९१ सालच्या 'स्ट्रीट फायटर २' या जपानी खेळातील भारतीय म्हणजे धालसिम: गळ्यात कवट्यांची माळ, रबरासारखे लांबणारे हातपाय आणि तोंडातून आग ओकणारा योगी. गोऱ्या नायकांना चेहरे मिळाले, आपल्या वाट्याला सोंग आले.

या पार्श्वभूमीवर पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या संस्थेने निर्मिलेला 'राजी: ॲन एन्शंट एपिक' (२०२०) हा खेळ महत्त्वाचा ठरतो. राजी ही कसरतीचे खेळ करीत फिरणाऱ्या तांड्यातील पोर. रक्षाबंधनाच्या वेळी असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि दुर्गेचा त्रिशूळ घेऊन ती त्याच्या शोधात निघते. सावळ्या, अनाथ मुलीला नायिका करणे हे या खेळाचे खरे धाडस. आठवडी बाजारात दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची मुलगी आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्या कोलांट्या आणि उड्या येथे शौर्याची साधने होतात, ही कल्पना आम्हांस फार मोलाची वाटते.

दुर्दैवाने निर्मात्यांचाच तिच्यावर पुरेसा विश्वास नाही. आरंभीच्या प्रसंगानंतर तांडा मागे पडतो आणि राजस्थानी शैलीचे महाल व देवदेवतांची भित्तिचित्रे डोळे दिपवू लागतात. दुर्गा आणि विष्णू तिच्याविषयी बोलत राहतात. तिच्या माणसांविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. शिवाय प्रकाशनाच्या वेळी ही सारी मंडळी इंग्रजीतून बोलत होती! परक्यांनी आपल्याला योगी केले. आपण स्वतःला पुराण केले.

पुराणाला आमचा विरोध नाही. लोणारच्या विवराशी लवणासुराची कथा निगडित आहे आणि त्याला मारणाऱ्या विष्णूचे दैत्यसूदन मंदिर गावात उभे आहे. राजीतील असुर तेथल्या मुलाला परके वाटणार नाहीत. परंतु खाऱ्या सरोवराकाठी त्याच्या घरचे कापूस-सोयाबीनचे शेत आहे, पावसाची वाट पाहणारा बाप आहे, वऱ्हाडी बोली आहे. त्यांतले काही पडद्यावर आलेले आमच्या पाहण्यात नाही.

ते येऊ शकत नाही, असे मात्र नाही. टोरांटोत निर्माण झालेल्या 'वेन्बा' (२०२३) या छोट्या खेळात कॅनडात गेलेली एक तमिळ आई इडली करते. तिच्या आईची पाककृतींची वही जीर्ण झाली आहे. पुसलेल्या ओळी ओळखून खेळणाऱ्याने पदार्थ पुरा करायचा. मुलगा कविन शाळेत केविन होऊ पाहतो, आईशी इंग्रजीत बोलू लागतो आणि चुलीपाशीची ही साधी कृती काळजाला भिडते. येथे महाल नाही, असुर नाही. 'राजी'च्या कर्त्यांपाशी चित्रकलेचे सामर्थ्य याहून कितीतरी मोठे आहे. पुढच्या खेळात त्यांनी तांड्याचा मुक्काम थोडा लांबवावा, एवढेच आमचे मागणे आहे.